आमच्या घरचा काठ

तांडापेठेत कोणाच्या दोरीवर धोतर वाळत असलं, तर ते कोणत्या घरच्या मागावरून उतरलं हे जुना कोष्टी लांबूनच सांगायचा. काठ पाहून. माणसाचं जसं तोंड, तसा घराचा काठ. आमच्या सोनकुसऱ्यांच्या घरचा काठ असा: हिरवी पट्टी, तिच्या पोटात करवतीचे बारीक दाते, आणि अगदी कडेला एक जांभळा दोरा, एकटाच. तो दोरा माझ्या सासऱ्याच्या आज्यानं घातला म्हणतात. कशापायी घातला ते त्यालाच ठाऊक. पण इतवारीतला व्यापारी गाठोडं पुरतं सोडायच्या आधी तो जांभळा दोरा पाहायचा आणि मग घासाघीस करायचा नाही.

मी चौथी शिकलेली, तीही आंब्याच्या दिवसांत शाळा बुडवून. नवरा गेला तेव्हा घरात एक माग आणि एक पोरगा मागे राहिला. बायकांनी कांड्या भराव्या, ताणा लावावा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचं ते पुरुषानं, अशी आमच्यात रीत. मी बसले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हटलं, हसा बायांनो, पण धोतर न्यायला याल तेव्हा दाम चोख आणा. पुढे धोतरं नेसणारे मेले, पॉवरलूमनं बाजार खाल्ला, लोकांनी माग मोडून चुलीत घातले. आमचा राहिला. मागच्या खोलीत अजून आहे, आणि मी अजून त्यावर बसते.

हे मी सगळ्यांना मोठेपणानं सांगत आले. आता त्याच काठानं मला मान खाली घालायला लावली, म्हणून तेही सांगून टाकते.

माझा एकुलता एक, अश्विन. कुरिअरच्या ऑफिसात चांगला चिकटला होता. दारूनं नोकरी खाल्ली, मोटरसायकल खाल्ली, आणि शेवटी सून धनश्री लेकीला घेऊन उमरेडला माहेरी गेली. मी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं ते मुद्दाम हुडकेश्वरकडचं, आमच्या वस्तीपासून लांबचं पाहून. आणि गल्लीत सांगितलं, अश्विनला सावनेरला कोळशाच्या खाणीत काम लागलं. ऑफिसातलं काम. ऑफिसातलं हे मी दुसऱ्या दिवशी वाढवलं.

केंद्रातून तो सुटून आला तेव्हा हाडं दिसत होती, पण डोळे साफ होते. मी म्हटलं, सुट्टीवर आला. शेजारचे मधुकरराव विचारायचे, "काय गा अश्विन, सावनेरले कसं काय?" तो खाली पाहून म्हणायचा, "बरं आहे काका." मला वाटायचं, जमून गेलं.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "माय, मले शिबिराले जायचं आहे."

"कायचं शिबिर?"

"ध्यानाचं. रामटेकच्या पलीकडं, जंगलाले लागून आहे. भंतेजी राहतात तिथं. केंद्रात माह्यासंगं होते त्यातले दोघं जाऊन आले. बोलायचं नाही, फोन नाही. नुसतं बसायचं अन् श्वास पाहायचा."

"श्वास पाह्याले रामटेकपर्यंत काहून जा लागते? इथं काय तुह्या नाकाले सुट्टी आहे?"

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मग हसू गेलं.

"काल मी दारूच्या भट्टीसमोर उभा होतो माय. आत नाही गेलो. पण लय वेळ उभा होतो."

मी भाकर ताटात ठेवली.

"केंद्रातून निघालेला माणूस घरी बसला की पुन्हा पडते," तो म्हणाला. "म्हणून तीन-चार महिन्यांनी एकेकदा शिबिराले पाठवतात. नाल्यापलीकडच्या विहारातल्या बायांनी त्यासाठी फंड काढला आहे. शिबिरात पैसे नाही घेत. पण जाण्यायेण्याचं, औषधाचं, अन् माणूस तिकडं बसला की मागं घरात चूल कशी पेटते, ते सारं फंड पाहते."

"आपल्याले कायचा फंड? माह्याजवळ आहेत पैसे."

"पैशाची गोष्ट नाही. त्यांचा एक नियम आहे." त्यानं ताटात बोट फिरवलं. "घरातलं कोणीतरी विहारात येऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं अन् म्हणायचं, हा माहा माणूस आहे, मी याले पाठवून राहिली. बस, एवढंच."

नाल्याच्या अलीकडे आम्ही कोष्टी, पलीकडे बौद्धांची वस्ती. पण त्या फंडातून आमच्याही गल्लीतले पोट्टे गेलेले होते. म्हणजे पाठवणीच्या रविवारी अर्धी तांडापेठ त्या अंगणात असणार.

"धनश्रीले बोलाव उमरेडवरून."

"ती म्हणते, आधी आईले विचार. आई उभी राहिली तर मी समजीन घरानं तुले धरलं."

"मी सोनकुसऱ्याची सून, नाल्यापलीकडं जाऊन चारचौघांत सांगू, हा माहा बेवडा?"

"बेवडा नाही म्हणायचं माय," तो म्हणाला. "माणूस म्हणायचं."

ताट उचलून त्यानं स्वतः धुतलं आणि पालथं घातलं.

दोन दिवसांनी पुष्पलता आली. तिचं नाल्याच्या पुलाजवळ ब्लाऊज शिवायचं दुकान, आणि विहारातला तो फंडही तीच सांभाळायची. नवरा दारूतच गेलेला. आली ती सरळ पुढच्या दारानं, गल्लीतल्या चार खिडक्यांना दिसेल अशी. मी तिला घाईनं मागच्या खोलीत मागाजवळ बसवलं आणि चहा केला. आमच्या घरात बाहेरच्यांसाठी कागदी कपांची चळत असते. कोण बाहेरचं हे कोणी कधी ठरवलं नाही. हात आपोआप चळतीकडे जातो. तसा गेला.

पुष्पलतेनं कप हातात फिरवून पाहिला. "यमुताई, स्टीलचे गिलास चोरीले गेले का?"

"कागदात चहा गरम राहते."

"हो का? मग तुमचा काहून थंडा करून राहिल्या स्टीलमध्ये?"

  मी रुमालात बांधलेल्या नोटा तिच्यापुढे सरकवल्या. "हे घ्या. माह्या पोराचं मी भरते. फंडाची भीक नको."

तिनं रुमालाला हात लावला नाही. "तुमच्या पोराचं तुमच्याकडून नाही घेत. दुसऱ्याच्या पोराचं द्या, आत्ता उचलते. आमच्यात कोणीच आपल्या माणसाचं देत नाही. माह्या माणसाले कोणी पाठवलं नाही, तो मेला. आता मी देऊन राहिली ते तुमच्या पोराचं."

"मग माह्याकडून पाहिजे तरी काय?"

"पाय. विहारापर्यंत चालत या, चप्पल काढा, पोराच्या खांद्यावर हात ठेवा अन् एक वाक्य बोला."

"अन् नाही आली तर?"

"तर कवडू उभा राहील. ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी कवडू उभा राहते."

कवडू म्हणजे एके काळी आमच्याच मागावर बसणारा. हात सोन्याचा, पण दारूपायी धोट्यासकट थरथरायचा. मीच त्याला मागावरून उठवलं होतं. आता ई-रिक्षा चालवतो आणि म्हणे थेंबाला शिवत नाही.

"म्हणजे माह्या पोराचं कोणी नाही, असं म्हणाल तुम्ही भर सभेत?"

"आम्ही कायले म्हणू, यमुताई? ते तर तुम्ही म्हणून राहिल्या."

मी तडकले. "कवडू तर कवडू! त्याच्याही पोटात सोनकुसऱ्याचंच मीठ आहे." बोलले खरी, पण पुष्पलता उठून निघाली तेव्हा काहीतरी हातून निसटतंय असं वाटलं. मी तिला विचारलं, ते पोट्टे तिथं झोपतात कशावर?

"गाद्या आहेत तिथं. चादर ज्यानं त्यानं न्यायची. पण घरच्या चादरी विकून पिलेले पोट्टे, ते काय नेतील?"

"चादरी मी देते. जाणाऱ्या सगळ्यांले. हातमागाच्या. पण माहं नाव घ्यायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही."

"द्या," पुष्पलता म्हणाली. "पण चादर देणं म्हणजे उभं राहणं नव्हे."

"तुम्ही शिवणवाल्या. तुमची मापं दुकानात घ्या. मले नका मापू."

ती हसत गेली. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवसापासून मी मागावर बसले. अश्विननं विचारलं, "कोणाची ऑर्डर?" मी म्हटलं, इतवारीतल्या व्यापाऱ्याची. तो लहानपणासारखा खाली बसून कांड्या भरायला लागला. त्याच्या बोटांकडे मी चोरून पाहायची. बोटं थरथरत नव्हती. मागाचा आवाज सुरू झाला की तो मध्येच विचारायचा, "माय, रविवारी येशील?" मी म्हणायची, पाहू. तो पुन्हा कांडी भरायचा.

ठरवलं होतं की चादर साधी विणायची. पांढरी, बिनकाठाची. म्हणजे कोणाच्या घरची ते कळायचं नाव नको. पहिली तशी विणली. मागावरून उतरवून पसरली तर दवाखान्यातली पट्टी दिसावी तशी दिसली. नागडी. सोनकुसऱ्याच्या मागावरून अशी चादर आजवर उतरली नव्हती. सासू असती तर म्हणाली असती, वं यमे, मुडद्यावर टाकायला विणली का? ती चादर मी पुसण्यासाठी टाकली आणि ताण्याच्या दोन्ही कडांना बसून हिरवे दोरे जोडले. पाठीचा काटा ढिला झाला. म्हटलं, हिरवा काठ काय कोणाच्याही घरी असतो. मग त्यात दाते आले, कारण दात्यांशिवाय हिरवा काठ म्हणजे बिनदाताची म्हातारी. आणि शेवटी कडेचा जांभळा दोरा राहिला. तो घातला नसता तर काठ कोणाचाही म्हणून खपून गेला असता. दोरा बोटात धरून मी बसून राहिले. जांभळ्या दोऱ्याशिवाय कापड मागावरून काढायचं म्हणजे पोराला कपाळ पुसून शाळेत पाठवल्यासारखं. मनात म्हटलं, पोट्टे झोपतील की काठ वाचत बसतील? आणि दोरा घातला.

रविवारी सकाळीच चादरींचं गाठोडं मी एका ओळखीच्या नसलेल्या रिक्षावाल्याकडे देऊन विहारात रवाना केलं. अश्विन तेव्हा आंघोळीला होता. नंतर पांढरा शर्ट घालून, थैली घेऊन तो उंबऱ्यावर बसला.

"येतेस का माय?"

"गुडघा लय दुखून राहिला रे."

त्यानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. आठवडाभर ज्या गुडघ्यानं मागाच्या पावड्या दाबल्या, त्याचा आवाज त्यानं घरात बसून ऐकला होता. तो एवढंच म्हणाला, "बरं." आणि गेला.

मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, पोरगाही गेला आणि नाकही राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची गोपिका विरजण मागायला आली. मधुकररावांची सून ही. तिचा भाऊ त्याच खेपेला शिबिराला गेलेला, हे मला तेव्हा कळलं. वाटी हातात धरून ती म्हणाली, "काकू, चादरी एकदम फस्क्लास निघाल्या."

"कोणत्या चादरी?"

"आता राहू द्या ना काकू."

मी म्हटलं, बोल, काय ते सांग सरळ. ती उंबऱ्यावरच बसली.

"नावं घेऊन राहिले होते एकेकाचे. ज्याचं नाव, त्याच्या घरचं माणूस उठते, खांद्यावर हात ठेवते अन् म्हणते. माह्या भावासाठी आमची आई उठली. अश्विनदादाचं नाव आलं तर दादा दरवाज्याकडं पाहून राहिला. पुष्पलताबाई पण थांबल्या. मग कवडूकाका उठला. आम्हाले वाटलं, तुम्ही आजारी असाल काकू. खरंच तसंच वाटलं सगळ्यांले. बाया म्हणाल्या पण, यमुताईचा गुडघा दुखते म्हणे, संध्याकाळी पाहून येऊ."

"मग?"

"मग गाठोडं सोडलं चादरी वाटायले. कवडूकाकानं वरचीच उचलली, झटकली, अन् काठावर बोट ठेवून तसाच उभा. म्हणाला, हा तर वहिनीचा हात आहे. ताजा आहे, चार-आठ दिवसांतला. " गोपिकेनं वाटीकडे पाहिलं. "ज्या गुडघ्यानं एवढ्या चादरी विणल्या काकू, तो पुलापर्यंत नाही आला, हे सगळ्यांच्याच डोक्यात आलं असंल. कोणी बोललं मात्र नाही हो."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी जीभ काही सुधारत नाही. मी म्हटलं, "तुह्या भावाले दारूचं लागलं कधीपासून? आम्हाले तर पत्ता नाही. आमचा अश्विन तर सावनेरहून सुट्टी काढून सहज गेला, मन शांत कराले."

गोपिकेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण लहान पोराकडे पाहतो तसं.

"काकू," ती म्हणाली, "मागच्या पोळ्याले अश्विनदादा आमच्या दारापुढच्या नालीत पडून होता. बाबांनी अन् मी उचलून, धुऊन, तुमच्या ओट्यावर आणून निजवलं. तुम्ही उठायच्या आत. सावनेरचं सगळ्यांलेच माहीत आहे. बाबा म्हणाले, ती म्हणून राहिली सावनेर तर आपण सावनेर म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाचं मन ठेवायचं."

विरजण घेऊन ती गेली. मी तशीच उंबऱ्यावर. इतक्या महिन्यांचं "सावनेरले कसं काय" माझ्या कानात एकामागून एक वाजायला लागलं. मधुकररावांचं, दूधवाल्याचं, किराणावाल्याचं. मी समजत होते मी गल्लीला फसवते आहे. गल्ली माझं मन राखत होती. पोरगा पितो हे अख्ख्या तांडापेठेला ठाऊक होतं आणि त्यापायी कोणी मला खाली पाहायला लावलं नव्हतं. येता येत असून मी त्याच्यासाठी उभी राहिले नाही, ही एकच गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. ती मी स्वतःच्या हातानं विणून, गाठोडं बांधून, रिक्षानं पाठवली.

शिबिर संपेपर्यंत मी दाराबाहेर कमीच पडले. भाजीवाला आला तर खिडकीतून भाजी घ्यायची. बायका खरंच आल्या एका संध्याकाळी, गुडघा पाहायला. तेल घेऊन आल्या. मी पाय पुढे केला आणि त्यांनी चोळला. ते तेल अंगाला जसं झोंबलं तसं आयुष्यात काही झोंबलं नाही.

अश्विन आला तो सावळा होऊन, शांत होऊन. पाया पडला. मी त्याला आंघोळीला पाणी काढून दिलं, झुणका-भाकर केली. तो तिथलं थोडं थोडं सांगत होता. पहाटेची घंटा, झाडावरची माकडं, गुडघे कसे पेटतात, आणि तिसऱ्या दिवशी तो कसा रडला. कवडूनं केलेल्या गोष्टीचं एक अक्षर नाही, माझंही नाही.

थैली मीच रिकामी केली. चादर निघाली. धुऊन, घडी घालून ठेवलेली. पण घडी उलटी. आमच्यात काठ नेहमी बाहेर ठेवून घडी घालतात. हे त्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक. यानं काठ आत दुमडून टाकला होता, दोन्ही बाजूंचा.

"घडी अशी काहून घातली रे?"

"तिथं एक जण विचारून राहिला होता, कोणाच्या घरची चादर आहे, लय सुरेख काठ आहे म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, माहीत नाही."

मी चादर मांडीवर घेऊन बसले.

तो माझ्याच जिभेचा पोरगा. भाकरीचा तुकडा मोडत, आवाज न चढवता म्हणाला, "तू मले ओळखलं नाही, मी तुहा काठ ओळखला नाही. फिटलं, माय. जेव आता."

मी जेवले नाही. घडी उलगडून, काठ बाहेर करून पुन्हा घालायला घेतली आणि हात थांबला. ती घडी बदलायचा हक्क मला राहिला नव्हता. तशीच ठेवली.

पुढची खेप दिवाळीनंतर निघणार होती. अश्विननं मला विचारलं नाही. "माय, येशील?" हे दोन शब्द त्यानं काढलेच नाहीत. पूर्वी घरात त्याच्या दारूचा वास यायचा तसा आता त्या न विचारण्याचा वास यायचा. भट्टीसमोर तो पुन्हा उभा राहिला का, हेही मी विचारू शकत नव्हते.

रविवारी तो निघाल्यावर मी लुगडं बदललं. चांगलं नेसायचं की साधं, यातच वेळ गेला. साधं नेसले. गल्लीतून निघाले तर मधुकरराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला. आता विचारतील, कुठं चालल्या वहिनी, म्हणून मी सावनेरसारखंच काहीतरी जिभेवर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "पुलावर चिखल आहे. डाव्या बाजूनं जा."

विहाराच्या अंगणात चटया टाकलेल्या. आत बुद्धाची मूर्ती, पुढे मेणबत्त्या. मी चप्पल काढली आणि मागे बायकांत बसले. बायकांनी सरकून जागा दिली. एका पोरीनं पाणी आणलं. स्टीलच्या गिलासात. सगळ्यांना त्याच गिलासात, मलाही. पुष्पलता पुढून पाहत होती. मी गिलास रिकामा केला.

नावं सुरू झाली. कोणाची बायको उठली, कोणाचा बाप. एका बाईसाठी तिचा पोरगा उठला, मिसरूड फुटलेला, आणि "ही माही आई आहे" म्हणताना त्याचा आवाज फाटला, तरी तो पूर्ण म्हणाला. मला वाटलं, यमे, चौथी पास, एवढ्यांची नाकं मोजत आलीस जन्मभर, आणि हे पोट्टं बघ.

"अश्विन सोनकुसरे," पुष्पलता म्हणाली.

तो पुढे गेला. या वेळी त्यानं दरवाज्याकडे पाहिलं नाही. कवडू सवयीनं उठला, चार पावलं टाकून त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मीही उठले. गुडघा खरंच कडकडला, सगळ्यांना ऐकू गेला. मी चटयांमधून वाट काढत पुढे गेले आणि पोराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले.

कवडू मागे सरला. "या वहिनी, तुमची जागा आहे. मी बसतो."

"थांब गा कवडू," पुष्पलता म्हणाली. मग अश्विनकडे वळली. "एका माणसामागं एकच उभं राहते. तू सांग दादा. कोण?"

 पुलावरून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. मी पोराच्या कानाकडे पाहत होते. लहानपणी तो कान धरून मी त्याला मागाजवळ बसवायची.

"मागच्या खेपेले उभा राहिला तो," अश्विन म्हणाला. "कवडूकाका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? वळले. पण वळता वळता तोंडातून निघालंच, "हा माहा माणूस आहे. मी याले पाठवून राहिली." मोठ्यानं निघालं. मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पण ते काही धरलं जाणार नव्हतं. मग कवडूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच वाक्य हळू आवाजात म्हटलं, आणि ते धरलं गेलं. मी माझ्या चटईवर येऊन बसले. बाजूच्या बाईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. नेहमीसारखं झटकून टाकावं असं मनात आलं. टाकलं नाही.

जीप आली. जाणारे एकेक चढायला लागले. अश्विन माझ्या पाया पडला, जसा कोणत्याही म्हाताऱ्या बाईच्या पडेल तसा, आणि गेला. पायरीवर पाय ठेवताना त्यानं थैलीतून चादर काढून खांद्यावर टाकली. सकाळचा गारवा होता. मी घडीकडे पाहिलं. काठ बाहेर होता. हिरवी पट्टी, दाते, आणि कडेला तो एकटा जांभळा दोरा. आणि चादरीचं टोक मागे जीपच्या चिखलाच्या टायरला घासत होतं.

"भैताडा," मी ओरडले, "काठ सांभाळ!"

त्यानं मागे पाहिलं नाही. पण हात मागे करून टोक वर ओढून घेतलं.

पुष्पलता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. जीप पुलावरून पलीकडे गेली तरी आम्ही तिकडेच पाहत होतो.

"पुढची खेप होळीनंतर," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं. "चालत याले मले वेळ लागते. मी लवकर निघीन."